नावामागे एक थाप

सुखरामचं रेडिओशी काय वाकडं आहे, हे भिलाईच्या सेक्टर चारमधल्या क्वार्टरांच्या त्या ओळीत सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी विचारायच्या आधीच तो ते सांगून टाकायचा, आणि एकदा सांगून त्याचं समाधान होत नसे.

"रेडिओ म्हणजे बहिरा माणूस," तो म्हणायचा. "आपलंच बोलते, दुसऱ्याचं आयकत नाही. अशा माणसाले आपण ओट्यावर बसू देतो का? मंग डब्याले घरात कावून बसवाचं?"

हे तो मुद्दाम भैयालालच्या ओट्यावर बसून म्हणायचा, भैयालालच्याच घरचा चहा पिता पिता. भैयालाल म्हणजे दोन क्वार्टर पलीकडचा शेजारी, सुखरामसारखाच गोंदियाकडचा, आणि रेल मिलमध्ये सुखराम चालवायचा त्याच क्रेनवरचा वेगळ्या पाळीचा ड्रायव्हर. एक जण शिडीने खाली उतरला की दुसरा वर चढणार, अशी दोघांची ओळख झाली आणि ती चालत चालत ओट्यापर्यंत आली. भिलाईचा कारखाना तेव्हा निम्मा उभा होता आणि निम्मा नकाशात होता. रस्त्यांना झाडं नव्हती, क्वार्टरांना कुंपणं नव्हती. पण भैयालालच्या छतावर दोन बांबूंना बांधलेली तांब्याच्या जाळीची एरियल मात्र होती, आणि ती त्या ओळीतली पहिली होती.

सेट घरात, खिडकीशी. लाकडी, पॉलिश केलेला, वर कांताने, म्हणजे भैयालालच्या बायकोने, क्रोशाने विणलेला रुमाल. बटन फिरवलं की तापायला मिनिटभर लागे, मग काचेमागे हिरवा डोळा उघडे आणि मग आवाज. त्या मिनिटभरात भैयालाल कुणालाही बोलू देत नसे.

"आज हा डबा टेबलावर मावते," तो सुखरामला सांगायचा. "उद्या खिशात मावन. परवा त्यात माणसं दिसतीन, नाचतीन, बोलतीन. दिल्लीत सुरूबी झालं म्हणतात. अजून वीस वर्षं जाऊ दे, घरोघरी आपापलं थेटर राहीन. ज्याले जे पाह्यजे ते तो पाहीन."

"आन् मंग बाप आपल्या खोलीत हासन, पोरगा आपल्या खोलीत हासन," सुखराम म्हणायचा. "कोण कावून हासून राह्यला, हे कोणालेच नाई समजन. याले करमणूक म्हणतेस का तू?"

ही गोष्ट एकसष्ट सालच्या हिवाळ्यातली. दोघांपैकी कुणाचं किती खरं ठरलं, ते ज्याने त्याने आपापल्या घरात बघून घ्यावं. एवढं मात्र खरं, की वाद संपला की चहा संपे, आणि चहा संपल्याशिवाय वाद संपत नसे. दोघांनाही त्यात भारी सुख होतं.

पण सुखरामच्या बोलण्यात नुसता हेका नव्हता. तिरोड्याजवळच्या त्याच्या खैरटोल्यात दंडार होती. दिवाळी सरली, गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, सुरू झाल्या, की शाहीर आनंदरावांचा ताफा गाणी म्हणत, सोंगं काढत फिरायचा, आणि त्या ताफ्यात दहा वर्षं ढोलकी सुखरामची होती. शिवाय आनंदरावांच्या दंडारीत एक रीत होती, ती दुसऱ्या कुठल्या ताफ्यात नव्हती. शेवटचं गाणं झालं की पांगापांग होण्याआधी शाहीर उभा राहायचा आणि पोटासाठी गावाबाहेर गेलेल्यांची नावं घ्यायचा. नागपूरच्या मिलमध्ये गेलेला अमका, रेल्वेत लागलेला तमका. प्रत्येक नावामागे ढोलकीवर एक थाप. नाव घेतलं, थाप पडली, की तो माणूस आला असं धरायचं. त्याची म्हातारी आई गर्दीत कुठेतरी पदर डोळ्याला लावायची आणि मग सगळे घरी जायचे. ती थाप दहा वर्षं सुखरामने दिली होती.

मग भिलाईत भरती निघाली. सुखरामने नाव नोंदवलं, बोलावणं आलं ते नेमकं मंडयांच्या ऐन दिवसांत, आणि तो पाच गावांची सुपारी अर्ध्यावर टाकून निघून आला. सांगायला गेला तेव्हा आनंदराव पाठ करून बसले होते. "गेला तो गेला," एवढंच म्हणाले. ढोलकी त्याची स्वतःची होती, ती तो घेऊन आला. त्या वर्षीचा ताफा शेजारच्या गावाकडून ढोलकी मागून आणून फिरला. त्याला आता चार वर्षं होत आली. दर दिवाळीनंतर गावाकडून कुणी आलं, की सुखराम आधी पीकपाणी विचारायचा, मग हळूच विचारायचा, "यंदा नावं घेतली का गा शाहीरानं?" घेतली म्हणत. सगळ्यांची घेतली म्हणत. आणि मग येणारा माणूस चहाच्या कपात बघायला लागे. त्यावरून काय ते समजायचं. सुखरामची बायको रंभा तेवढ्यापुरती आत निघून जायची, कारण त्या वेळी नवऱ्याचा चेहरा तिला बघवत नसे.

तर अशात जानेवारीत एक कार्ड आलं. अक्षर शाळेच्या मास्तरांचं, मजकूर आनंदरावांचा. येत्या बुधवारी संध्याकाळी पावणेसात ते सात आमची दंडार नागपूरच्या रेडिओवरून होणार आहे. ढोलकीवर तेजराम आहे. ऐकावे. बस, एवढंच. आशीर्वाद नाही, खुशाली नाही.

सुखरामने ते कार्ड चारदा वाचलं. मग रंभाकडून वाचून घेतलं. तिला अक्षरं जुळवत वाचावं लागे, म्हणून ते जास्त वेळ टिकलं.

"नाव घेतीन का वं?" त्याने विचारलं.

"घ्याचं नसतं त आयका म्हणून कावून लिवलं असतं?" रंभा म्हणाली.

तेवढ्यावर त्याचा जीव हरखला आणि तेवढ्यावरच टांगणीला लागला. कारण अडचणी दोन होत्या. पहिली अडचण रेडिओची. चार वर्षं ज्या डब्याला नावं ठेवली, त्याच्यापुढे आता कान धरून बसायचं होतं. दुसरी त्याहून मोठी. त्या आठवड्यात सुखराम बी शिफ्टला होता, दुपारी दोन ते रात्री दहा. पावणेसातला तो जमिनीपासून चाळीस फूट वर क्रेनच्या केबिनमध्ये असणार, आणि तिथे स्वतःचा खोकलासुद्धा ऐकू येत नाही. ड्यूटी बदलायची तर क्रेनवाल्याशीच बदलायची. तिसरा ड्रायव्हर सी शिफ्टचा, तो सकाळी सहाला उतरून पुन्हा दोनला चढणार कसा? राहिला ए शिफ्टचा. म्हणजे भैयालाल.

संध्याकाळी सुखराम त्याच्या ओट्यावर गेला आणि चहा येईपर्यंत थंडीबद्दल बोलला. भैयालालला लगेच वास आला. सुखराम थंडीबद्दल कधी बोलत नसे.

कार्ड वाचून भैयालालचा चेहरा असा काही उजळला, की सुखरामला ते कार्ड परत खिशात घालावंसं वाटलं.

"मंग? बहिऱ्या माणसाच्या घरी येणार का तुम्ही?"

"तू काय म्हणवून घ्याचं ते घे," सुखराम म्हणाला. "मले आयकाचं आहे."

"पह्यले रेडिओले चांगलं म्हण."

सुखरामने थोडा वेळ अंगणातल्या मुरमाकडे पाहिलं. "वाईट नाई म्हणत," तो म्हणाला. भैयालालने तेवढं गोड मानून घेतलं. चार वर्षांची कमाई होती ती.

मग ड्यूटीची गोष्ट निघाली. सकाळची ए शिफ्ट सुखराम करेल, दुपारची बी भैयालाल, फोरमन नाही म्हणणार नाही. भैयालाल मान हलवत होता, आणि मान हलवता हलवता थांबला. बुधवारी पावणेसातला क्रेनवर तो स्वतः असणार होता. दंडार त्याच्याही मुलखातली. लहानपणी मंडईत बापाच्या खांद्यावर बसून त्याने ती पाहिली होती. आणि रेडिओ त्याचा, एरियल त्याची, नागपूर पकडायचं कसब त्याचं. त्याच्या घरी त्याच्या डब्यातून अख्खी ओळ दंडार ऐकणार होती, तो सोडून.

सुखरामच्याही ते त्याच क्षणी ध्यानात आलं. "राहू दे," तो म्हणाला. "मले नवतं सुचलं."

"तुले माहा डबा चार वर्षांत कधीच नाई सुचला," भैयालाल म्हणाला. त्याने चहा संपवला आणि कप खाली ठेवला. "मी जातो वर. तुह्या शाहीरानं बोलावलं आहे, मले नाई. पन काट्याले कोणी हात नाई लावाचा. मी मंगळवारी लावून जातो, काचेवर लाल पेन्सिलीनं खूण करून जातो. कांताले सांगतो बटन कसं फिरवाचं ते."

आतून कांताने ते ऐकलं. नवरा ड्यूटीवर गेला की दुपारी ती रोज नागपूर लावून ऐकत असे आणि तो यायच्या आत काटा पुन्हा होता तिथे नेऊन ठेवत असे. पण हे सांगायची वेळ ही नव्हती.

बुधवारी सुखराम पहाटे क्रेनवर चढला, दोनला उतरला. शिडीखाली भैयालाल उभा होता. दोघं एकमेकांच्या बाजूने गेले. "खूण केली आहे," भैयालाल म्हणाला आणि वर चढून गेला.

साडेसहापर्यंत भैयालालच्या ओट्यावर आणि अंगणात पन्नास माणसं झाली. सगळी भंडाऱ्या-गोंदियाकडची नव्हेत. एक बंगाली जोडपं होतं, दोन पंजाबी होते, दुर्गकडचे छत्तीसगढी होते; रेडिओवर ओळखीचा माणूस येणार म्हटल्यावर कोण घरात बसतो? रंभाने सकाळपासून जाईल त्याला सांगितलं होतं. घरातून निघताना सुखरामने ढोलकीही काखेत मारली. कशाला, असं रंभाने विचारलं नाही. ओट्यावर आल्यावर ती त्याने भिंतीशी अशी ठेवली की जणू कुणी दुसऱ्यानेच आणली होती.

कांताने बटन फिरवलं. हिरवा डोळा उघडला. लाल खुणेवर कुठलंतरी तिसरंच स्टेशन बडबडत होतं. लोकांच्या तोंडचं पाणी पळालं. कांताने शांतपणे काटा खुणेपासून बोटभर बाजूला नेला, आणि नागपूर असं स्वच्छ आलं की बोलणारा शेजारच्या खोलीत असावा. "ह्यांची खूण ह्यांना राहू द्या," ती म्हणाली, आणि एवढंच बोलून खाली बसली.

मग दंडार सुरू झाली.

आनंदरावांचा आवाज थोडा थकला होता, पण वर चढताना जी एक जागा ते घेत ती तशीच होती. सुखरामने ती ओळखली आणि डोळे मिटले. सुखरामच्या जागी आलेल्या तेजरामची ढोलकी पहिल्या गाण्यात घाबरलेली वाटली. दुसऱ्या गाण्यात ती मागे रेंगाळायला लागली, आणि सुखरामची बोटं मांडीवर चालू लागली. मग मांडीवरून ती ओट्याच्या फरशीवर आली. मग कधी त्याने ढोलकी ओढून घेतली ते त्यालाही कळलं नाही. तो हलक्या हाताने वाजवत होता, रेडिओच्या खालून, तेजरामच्या हाताला धरून चालवावं तसा. अंगणातली माणसं एकदा खिडकीकडे बघत होती आणि एकदा त्याच्याकडे. छत्तीसगढ्यांना शब्द अर्धे कळले, बंगाल्यांना काहीच नाही, पण माना सगळ्यांच्या हलत होत्या. सुखरामला फार बरं वाटत होतं. चार वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

शेवटचं गाणं सुरू झालं. सुखरामने वाजवणं थांबवलं आणि तळवा ढोलकीच्या पानावर ठेवला. आता नावं. रंभा दाराच्या चौकटीशी उभी होती, तिने त्याच्याकडे पाहिलं. गाणं संपलं. आनंदरावांनी घसा खाकरलेला ऐकू आला, तो सुखरामला चांगला ओळखीचा होता. नावं घेण्याआधी ते तसंच खाकरायचे.

"आन् आता," आनंदराव म्हणाले, "जे आले नाई..."

आवाज तुटला. एका मिनिटाने गोड गळ्याची एक बाई म्हणाली, की आता बातम्या ऐका.

बातम्या चालू होत्या. सुखराम ढोलकीवर हात ठेवून तसाच बसला होता. त्याला राग आला नाही, हे त्याचं त्यालाच नवल वाटलं. नुसतं वाईट वाटलं, सरळ आणि पुष्कळ. आपलंच बोलते, दुसऱ्याचं आयकत नाही, हे त्याचंच वाक्य होतं, आणि आज ते खरं ठरलं होतं, आणि आज त्याला ते खोटं ठरायला हवं होतं.

लोक उठायच्या बेतात होते. तेवढ्यात रंभा चौकटीपासून म्हणाली, "नावं राह्यली ना."

"घेतली असतीन तिकडे," कुणीतरी म्हणालं.

"तिकडची तिकडे. इथं कोण नाई आलं ते पाहा ना," ती म्हणाली. "ज्याचा डबा, तोच नाई आला."

सुखरामने मान वर केली. तो उभा राहिला. दहा वर्षं त्याने थाप दिली होती, नाव कधी घेतलं नव्हतं. ते शाहीराचं काम. त्याने आनंदरावांसारखा घसा खाकरला, तेव्हा दोन पोरी हसल्या.

"भैयालाल," तो म्हणाला. "रेल मिलच्या क्रेनवर."

आणि थाप दिली.

कांताने पदर डोळ्याला लावला. मग बंगाली बाईने, जिला शब्द कळले नव्हते पण थाप कळली होती, आपल्या भावाचं नाव सांगितलं. तो कोक ओव्हनला, म्हणजे कोळशाच्या भट्टीवर होता. सुखरामने नाव घेतलं, थाप दिली. पंजाब्यांनी एक सांगितलं. दुर्गच्या माणसाने तीन सांगितली. कारखान्याच्या गावात कुठलीही संध्याकाळ घ्या, तिसरा हिस्सा माणसं तिथे नसतातच, ती भट्टीशी असतात. त्या सगळ्यांची नावं झाली. बातम्या कधीच संपल्या होत्या, सेट कांताने कधी बंद केला कुणाला आठवत नाही. सुखरामचं स्वतःचं नाव कुणी घेतलं नाही, कारण तो तिथेच होता.

दुसऱ्या दिवशी भैयालालने सगळं ऐकून घेतलं. काटा खुणेवरून हलवल्याबद्दल कांताला बोलायचं त्याच्या मनात होतं, पण ते राहून गेलं. रात्री दहाला सुटून सुखराम ड्यूटीवरून येईपर्यंत तो ओट्यावर बसून राहिला.

"माहं नाव घेतलं म्हणतेस," तो म्हणाला.

"घेतलं."

"जोरानं घेतलं का?"

"क्रेनवर आयकू यीन, तेवढ्या जोरानं."

भैयालालने खिडकीतल्या सेटकडे पाहिलं. "एक दिवस असा डबा निघन," तो म्हणाला, "का झालेलं सारं त्यात भरून ठेवता यीन. शिफ्टवरून आलं का लावलं. मंग मीबी आयकलं असतं."

"निघन त निघन," सुखराम म्हणाला. "तोपर्यंत मी आहो." आणि थकलेला असूनही त्याने घरून ढोलकी आणली आणि ती पंधरा मिनिटांची दंडार भैयालालला पहिल्यापासून वाजवून, गाऊन दाखवली, तेजरामच्या चुका वगळून.

आठ-दहा दिवसांनी दुसरं कार्ड आलं. अक्षर तेच, पण मजकूर या वेळी कडेपर्यंत कोंबलेला. सुखरामने ते भैयालालच्या ओट्यावर बसून मोठ्याने वाचलं. आनंदरावांनी लिहवलं होतं, की चूक माझी. पंधरा मिनिटं म्हणजे किती ते त्या लोकांनी घड्याळ दाखवून सांगितलं होतं, पण आपल्या दंडारीला घड्याळ कुठलं. मी शेवटचं गाणं लांबवलं. भिंतीवर एक लाल दिवा होता. तो विझला, आणि काचेपलीकडचा माणूस हात हलवू लागला. मला वाटलं, तो नावं घ्या म्हणतो. मी घेतली. सगळी घेतली. मग मला सांगितलं, की दिवा विझला तेव्हाच यंत्र बंद झालं होतं. मग शेवटची ओळ: तुझं नाव पहिलं घेतलं. तेजरामनं थाप चांगली दिली. मंडईला ये.

सुखरामने कार्ड घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवलं. रंभा तिच्या ओट्यावरून बघत होती. त्याने तिला मान हलवून सांगितलं, आणि ती आत गेली, पण या वेळी हसत.

"पाहा," भैयालाल म्हणाला. "डब्यानं नाव खाल्लं."

"नाई खाल्लं," सुखराम म्हणाला. "बंद झाल्यावर घेतलं, एवढंच."

तेव्हापासून ए शिफ्टचा आठवडा असला की सुखराम संध्याकाळी नागपूर ऐकायला भैयालालच्या ओट्यावर हजर असतो. बहिरा माणूस वगैरे अजून म्हणतो, पण चहा आल्यावर, आणि सवयीने. कार्यक्रम संपतो, भैयालाल बटनाकडे हात नेतो, आणि दर वेळी सुखराम त्याचा हात धरतो.

"थांब गा थोडं," तो म्हणतो. "कोणाचं तरी नाव राह्यलं असन."